पाठीमागचा वास

पाठीच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की माणूस घरच्यांसमोर हसत वावरतो आणि एकटा पडला की गप्प होतो. अशा सगळ्यांसाठी हे लिहायला बसले आहे. मी डॉक्टर नाही. एसटीत कंडक्टर आहे, मानवतला राहते. मणक्यात स्क्रू कसे बसवतात ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण त्यावरची जखम कशी जपायची, आणि ती बिघडते आहे हे कसं कळतं, एवढं मला ठाऊक झालं आहे. ते सांगते.

बाकावरची बाई

आधी कंबर दुखायची. हलत्या गाडीत उभं राहून तिकीट फाडणाऱ्या कुणाची कंबर दुखत नाही? म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग कळ डाव्या टाचेपर्यंत उतरली. पुढे पुढे पाऊलच बधिर झालं. एकदा पाथरीच्या गाडीत मी मागच्या सीटपासून पुढं आले तेव्हा एक आजोबा म्हणाले, "बाई, चप्पल तिकडंच ऱ्हायली की तुमची." मी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. आपलाच पाय आपल्याला न विचारता वागतो आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

परभणीच्या दवाखान्यात मोठा फोटो, म्हणजे एमआरआय, काढला. मालक, म्हणजे माझे यजमान बालाजीराव, तो आणायला खालच्या मजल्यावर गेले. मी बाकावर बसले होते. शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती. ती तिरकी बसली होती, पाठ भिंतीला टेकू न देता.

"तुमचं व्हायचंय का झालंय?" तिनं विचारलं.

"अजून दाखवायलाच आलेय."

"माझं झालंय. दुसरीकडं केलं होतं. चांगलं झालं होतं बघा, देवगाव फाट्यापर्यंत पायी जायले होते मी. मग जखमेतून पाणी यायलं." ती माझ्याकडं झुकली. "आत कुणीतरी राहायलंय ताई. मी निजले की ते जागं होतंय."

ती झुकली तेव्हा वास आला. बंद डब्यात विसरलेल्या पेरूसारखा, गोडसर, आणि त्याच्या मागून गंजलेल्या लोखंडाचा. माझा चेहरा तिनं वाचला.

"यायलाय ना वास? घरचे म्हणतेत न्हाई येत. तुमाला यायलाय ना?"

मी मान हलवली. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहून मला थंडी वाजली. इतके दिवस एकटीनं उचललेलं ओझं कुणीतरी दुसऱ्या टोकाला धरावं, तसं ते समाधान होतं.

आतून हाक आली आणि ती ड्रेसिंगच्या खोलीत गेली. मालक परत आले तेव्हा बाक रिकामा होता. मी तिच्याबद्दल सांगितलं. "कोण बाई?" ते म्हणाले. तिला मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पण वास माझ्याबरोबर मानवतला आला.

दाढ, मिश्री आणि साखर

डॉक्टर कमी बोलणारे होते. एक मणका दुसऱ्यावरून सरकलाय, त्यात नस दबली आहे, स्क्रू घालून जागेवर बसवावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. "पण लगेच नाही," ते म्हणाले. "तुमच्या रक्तात साखर फार आहे."

मला साखरेचा आजार आहे हे मला त्या खोलीत कळलं. एका दिवसात दोन बातम्या.

मी बाकावरच्या बाईबद्दल विचारलं. माझं तसं होईल का? मला वाटलं होतं ते हसून उडवून लावतील. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"होऊ शकतं. म्हणूनच थांबतोय. नुसत्या कातडीची जखम वेगळी. इथं आत धातू असतो. जंतू एकदा स्क्रूवर बसला की औषध तिथपर्यंत धड पोचत नाही. तो तिथं शांतपणे बसून राहतो. त्यामुळं त्याला आत शिरूच द्यायचं नाही, हे पहिलं काम."

पायातली ताकद अजून कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर धावत या, एरवी साखर आटोक्यात आणा, असं ते म्हणाले. मिश्री बंद करायला सांगितली, कारण तंबाखूनं जखम भरायला उशीर होतो. आणि तोंड उघडायला लावून, किडलेली दाढ आधी काढून या म्हणाले.

"पाठीसाठी दाढ?" घरी आल्यावर माझ्या सासूबाई, ज्यांना मी मामी म्हणते, हसायला लागल्या. "उद्या म्हणतील केस कापा!" पण दाढ काढून आले तेव्हा त्यांनीच मला पेज करून घातली. आणि मी मिश्री सोडली त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचा डबा कुठं लपवला ते मला अजून सापडलेलं नाही. "तुझ्यासमोर कशाला लावू?" एवढंच म्हणाल्या.

साखर उतरेपर्यंतचे ते दिवस वाईट गेले. ज्वारीची भाकरी, भाजी, गोळ्या, आणि पाय दर सकाळी थोडा अधिक परका. मी उठल्याबरोबर हातानं अंगठा चाचपून पाहायची. अंगठ्याला हात कळायचा नाही. हाताला अंगठा कळायचा.

वास नसलेलं अंग

अ‍ॅडमिट होण्याआधी एक लाल औषधी साबण दिला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आणि त्याच सकाळी त्यानं डोक्यापासून अंघोळ. नंतर तेल नाही, पावडर नाही, कुंकूसुद्धा नाही. पाठीवरचे केस घरी ब्लेडनं काढायचे नाहीत, असं बजावून सांगितलं होतं. ब्लेडनं बारीक बारीक चिरा पडतात, त्यातून जंतू शिरतात. लागलंच तर तिथंच मशीननं कापू.

मामींनी माझी पाठ धुऊन दिली. गुलाबी फेस मोरीतून वाहून जाताना त्या एकदम थांबल्या. माझ्या खांद्याजवळ नाक आणून त्यांनी हुंगलं.

"सुनंदा, तुझा वास येईना गं."

"साबणाचा येत असेल."

"साबणाचा यायलाय. तुझा येईना."

त्यांचा आवाज बदलला होता. मीही माझा हात हुंगून पाहिला. खरंच काही नव्हतं. धुतलेल्या काचेचा असावा तसा वास. बांगड्या काढल्या होत्या, मंगळसूत्र काढलं होतं, नखं मुळापर्यंत कापली होती. आरशात पाहिलं तर कपाळ कोरं. मामींनी आरसा भिंतीकडं फिरवून ठेवला.

आत

ऑपरेशनची खोली थंड असते. माझ्या अंगावर एक कागदी पांघरूण घातलं, त्यात नळीनं गरम हवा सोडली, आणि ते माझ्यावर फुगून श्वास घेतल्यासारखं हलायला लागलं. अंग गार पडलं तर जखमेला धोका वाढतो, म्हणून ही ऊब, असं कुणीतरी सांगितलं. कुणी, ते कळलं नाही. सगळ्यांचे फक्त डोळे दिसत होते.

एकानं मोठ्यानं माझं नाव विचारलं, कुठलं ऑपरेशन ते विचारलं. "अँटिबायोटिक गेलं का?" "गेलं." "किती वेळ झाला?" कातडी कापण्याआधी औषध रक्तात पोचलेलं असावं लागतं, हे मला आधीच समजावलं होतं. दार उघडून कुणीतरी डोकावलं. डॉक्टर न वळता म्हणाले, "दार. उघडायचं नाही आता." त्यांचा तेवढा कडक आवाज मी आधीही ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

"आता तुम्हाला झोपवतो," भूलतज्ज्ञ म्हणाले. "मग पालथं करू."

भीती मला त्या शेवटच्या वाक्याची वाटली. मला पालथं करतील तेव्हा मी तिथं नसणार. माझी पाठ उघडतील, तिच्याभोवती सगळे उभे राहतील, आणि त्या खोलीत माझ्याबद्दल काहीच माहीत नसलेली एकटी मीच असेन. हे त्यांना सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि डोळे उघडले तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं.

हातांचा आवाज

वॉर्डात शबाना सिस्टर होत्या. बोलायला गोड, पण भेटायला येणाऱ्यांच्या बाबतीत खमक्या. खाटेच्या पायथ्याशी हात चोळायच्या औषधाची बाटली टांगलेली होती. तिचं बटण दाबलं की बदकाच्या ओरडण्यासारखा बारीक आवाज यायचा. मी पालथी किंवा कुशीवर असायची, मागून कोण येतंय दिसायचं नाही. त्यामुळं मी त्या आवाजाकडं कान लावून असायची. आवाज आला की बरं वाटायचं. पावलं जवळ आली आणि आवाज आला नाही की अंग आखडायचं.

एकदा पावलं आली, आवाज आला नाही, आणि पाठीवरच्या पट्टीला बोट लागलं.

"हात धुतले का?" मी उशीत तोंड खुपसूनच विचारलं. मला माझ्याच धिटाईचा धाक वाटला. शिकाऊ डॉक्टर होते. मग पावलं मागं गेली, बदक ओरडलं, पावलं परत आली.

"सॉरी ताई. असंच विचारत जा," ते म्हणाले.

हे सगळ्यांनी विचारावं. कुणी रागावत नाही. रागावलं तरी चालतं.

राणीसावरगावहून माझ्या माहेरची माणसं जीप करून आली. सगळ्यांना पाठीवरून हात फिरवायचा होता. मामी पदरात देवाचा अंगारा बांधून आल्या होत्या, जखमेच्या कडेला लावायला. शबाना सिस्टरनी हात धरला.

"अम्मा, ये नको. जखमेजवळ कायबी नको."

"देवाचा हाय."

"देवाचा हाय म्हणूनच तुमच्याजवळ ठेवा. सांभाळा."

मामींनी थोडा विचार केला आणि गाठ पुन्हा बांधली. त्यानंतर त्या दारात स्टूल टाकून बसल्या आणि माझ्या सख्ख्या भावालासुद्धा सोडेनात. "आधी हात धू. साबणानं. नखातून. मग लांबूनच बोल."

मला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा डाव्या टाचेला फरशी थंड लागली. थंड लागली! मी रडले. मालकही रडले आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गाड्या लय थांबल्यात रस्त्यावर." रस्ता मोकळा होता.

तंतू

घरी आलो तेव्हा मानवतात कापसाचा हंगाम भरात होता. जिनिंग मिलच्या बाजूनं वारा आला की तंतू उडत येतात, तारांवर, पत्र्यावर, कुंपणावर बसतात. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट. त्या वर्षी ते मला जिवंत वाटले. मामींनी माझ्या खोलीची खिडकी ओल्या चादरीनं झाकली होती. दुपारी ऊन चादरीवर पडायचं आणि बाहेरच्या बाजूला चिकटलेल्या तंतूंच्या सावल्या हळूहळू सरकताना दिसायच्या. आत यायला जागा शोधत असल्यासारख्या.

पट्टी कोरडी होती. ताप नव्हता. आणि एका दुपारी, जेवण झाल्यावर, तो वास आला.

पेरू आणि गंज.

मी मामींना हाक मारली. त्यांनी हात धुतले, जवळ येऊन हुंगलं. "न्हाई गं."

मालक दुकानातून आले, त्यांनीही हुंगलं. त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळक्या तारेचा वास त्यांना गल्लीच्या टोकापासून कळतो. "काहीच न्हाई."

दुसऱ्या दिवशीही आला. मी गादी बदलून घेतली, उशी बदलून घेतली, खोली पुसून घेतली. वास जायचा आणि मी एकटी असले की परत यायचा. मालकांनी पाठीचा फोटो काढून दवाखान्यात पाठवला. मलाही दाखवला. मी माझी पाठ आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. ती माझी वाटली नाही. कुठल्यातरी रुंद, अनोळखी बाईची पाठ, मधोमध पांढरी पट्टी, आणि ती बाई माझ्याकडं पाठ फिरवून बसलेली. दवाखान्यातून निरोप आला, पट्टी कोरडी दिसते आहे, टाके काढायच्या दिवशी या, काही वाटलं तर आधी या.

"बघ," मालक म्हणाले. "चांगलं हाय म्हणालेत."

"फोटोला वास नसतो."

"सुनंदा, तुला त्या बाकावरच्या बाईचं भूत बसलंय डोक्यात."

"दुखणं पण वाढायलंय. परवापर्यंत कमी होत होतं."

"उठबस जास्त केली असशील." त्यांचा आवाज चढला. रोज दुकान, घर, दवाखाना करून ते थकले होते, मला ते दिसत होतं. "किती दिवस हेच? तू दर घटकेला आमाला हुंगायला लावायलीस. माणूस येडं व्हायची पाळी आलीय!"

मी भिंतीकडं तोंड केलं. त्या क्षणी मला लख्ख कळलं की ती बाई भिंतीला पाठ का टेकू देत नव्हती, आणि तिच्या घरचे तिला काय काय म्हणत असतील.

मामी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बालाजी, गाडी बघ."

"आई, तुला तरी येतोय का वास?"

"मला येत न्हाई. पण हिला येतोय ना. पाठ हिची हाय."

बूट

ड्रेसिंगच्या टेबलावर पालथं झोपलं की तोंडासाठी भोक असतं. त्यातून फक्त फरशी दिसते, आणि माणसांची पावलं. डॉक्टरांचे काळे बूट होते, शबाना सिस्टरच्या पांढऱ्या चपला. पट्टी ओढल्याचा आवाज झाला.

"वरून चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले. "वास कधीपासून?"

मी सांगितलं. दुखणं वाढलंय, तेही सांगितलं. ते हसतील असं वाटून थांबले. ते हसले नाहीत. त्यांनी खालच्या टोकाशी बोटानं दाबलं, पुन्हा दाबलं. मग काहीतरी गरम माझ्या कमरेवरून बाजूला ओघळलं.

काळे बूट एक पाऊल मागं सरले आणि थांबले. पांढऱ्या चपला जागच्या जागी वळल्या. आणि मग तो वास खोलीत आला. यावेळी माझ्या एकटीसाठी नव्हता. दाराजवळ उभे असलेले मालक हळू आवाजात "अरे देवा" म्हणाले.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्या क्षणी आधी सुटल्यासारखं वाटलं. भीती नंतर आली. माझाही चेहरा नक्की त्या बाकावरच्या बाईसारखा झाला असणार. बरं झालं तो फरशीकडं होता.

"आजच आत घेऊ," डॉक्टर म्हणाले. "उघडून धुऊ. वाट बघण्यात अर्थ नाही."

तो कोणाचा

पुन्हा तीच थंड खोली, तेच फुगणारं पांघरूण. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "स्क्रू?" ते जागेवर होते. पू कातडीखालच्या थरातच होता, खाली धातूपर्यंत उतरलेला दिसला नाही. खराब भाग काढून, भरपूर सलाईननं धुऊन पुन्हा टाके घातले. आणखी थोडे दिवस घरी काढले असते तर गोष्ट वेगळी झाली असती, असं डॉक्टर म्हणाले. मालक माझ्या पायाशी बसले होते. त्यानंतर मी काही सांगितलं आणि त्यांनी "नसेल तसं" म्हटलं, असं एकदाही झालेलं नाही.

इंजेक्शनं बरेच दिवस चालली. हाताच्या शिरा शोधून सापडेनात. भूक गेली, तोंडाला लोखंडाची चव. पण टाके धरले.

मी मनातल्या मनात गुन्हेगार शोधत होते. शिकाऊ डॉक्टरांचं बोट? माहेरची माणसं? कापसाचे तंतू? दार उघडून डोकावलेला तो माणूस? तपासणीचा निकाल आला तेव्हा मी विचारलंच, "कुणामुळं झालं?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "सगळी काळजी घेऊनही थोड्यांना होतं. काळजी घेतल्यामुळं कमी जणांना होतं, एवढंच आमच्या हातात आहे. आणि हा जंतू बाहेरून आला असेलच असं नाही. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतो. बहुतेक तुमचाच असावा."

"माझाच?"

"तुमच्याबरोबरच राहत असेल. वर्षानुवर्षं. त्रास न देता."

ते निघून गेले. मी हात पालथा केला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडं पाहत राहिले. लाल साबणानं एवढं घासलं होतं, मामींना माझा वास येईना झाला होता, आणि तरी कुठल्याशा घडीत तो दम धरून बसला होता. माझ्याबरोबर गाडीत चढला असेल, माझ्याबरोबर जेवला असेल. मी दार उघडून दिलं आणि तो आपल्याच घरात शिरला. बाकावरची बाई म्हणाली होती, आत कुणीतरी राहायलंय. तिला वेडी ठरवणं सोपं होतं. ती अगदी खरं बोलत होती.

शबाना सिस्टरना मी तिच्याबद्दल विचारलं. वर्णन सांगितलं. "ड्रेसिंगला लय बाया येतात ताई," त्या म्हणाल्या. नावच माहीत नव्हतं, तर शोधणार कसं.

रेखा

आता मी ड्युटीवर आहे. गाडीवर नाही, स्टँडवर कंट्रोल केबिनमध्ये, बसून करायचं काम. पाय चांगला आहे. अंगठा थोडा मंद आहे, पण तो माझा आहे. साखर तपासते, मिश्रीला हात लावत नाही.

परवा आमच्या गल्लीतली रेखा आली. तिचं पुढच्या आठवड्यात पाठीचं ऑपरेशन आहे. मी तिला सगळं सांगितलं, जे इथं लिहिलं तेच. दात दाखव, साखर दाखव, ब्लेड लावू नको, कुणी पट्टीला हात लावायच्या आधी हात धुतले का विचार. आणि तुला काही वेगळं वाटलं, पाणी, ताप, दुखणं उलटं वाढणं, नुसता वाससुद्धा, तर कुणी हसो, तू जा.

ती ऐकत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडं होतं. शेवटी म्हणाली, "ताई, बघू का?"

मी उठून दार लावलं, तिच्याकडं पाठ केली आणि पदर बाजूला घेऊन ब्लाउज वर सरकवला. बाहेर भाजीवाली ओरडत गेली.

"हात लावू?"

"लाव. धुतलेत ना?"

ती हसली. "तुमच्या दारातच धुतलेत, मामींनी लावले धुवायला."

मी वाट पाहत राहिले. मामी आत भांडी लावत होत्या. रेखाचा श्वास मला माझ्या मानेवर जाणवत होता, इतकी ती जवळ आली होती.

"लाव की," मी म्हणाले.

"केव्हाचाच लावलाय ताई," ती हळूच म्हणाली. "तुमाला कळना का?"

तिथली कातडी बधिर आहे, डॉक्टरांनी सांगितलं होतं, तशीच राहील कदाचित. मी तिला ते समजावून सांगितलं. ती 'हो, हो' म्हणत होती. तिचा हात अजून तिथंच होता की तिनं काढून घेतला होता, मला सांगता येणार नाही. मी तशीच उभी राहिले, तिचं पाहून होईपर्यंत.